नातवाचा गरुड आणि पेंचचें गिधाड

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या नातवानें मोबाइलवरील एक साहसाचा खेळ आम्हांस दाखविला. खेळांतला वीर बर्फाळ पर्वत चढूं लागला कीं कड्याआडून एक अजस्र पक्षी झेपावतो. त्याच्या पंखांच्या वाऱ्यानें झाडें उन्मळतात, आणि घरट्यांत तर माणसांचीं हाडें पडलेलीं! "आजोबा, असा पक्षी खरा असतो का?" असें त्यानें विचारलें.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. तेव्हां आमच्या तोंडीं जटायु आणि संपाति हे बंधु येणें स्वाभाविकच होतें. सूर्याकडे झेपावलेला धाकटा भाऊ होरपळूं लागला, तेव्हां संपातीनें त्यास आपल्या पंखांखालीं घेतलें आणि स्वतःचे पंख जाळून घेऊन तो विंध्यावर कोसळला. पुढें त्याच पंगु पक्ष्यानें बसल्या जागेवरून लंकेतील सीता पाहिली व वानरांस ठिकाण सांगितलें. यांत कवीची अतिशयोक्ति आहे, पण तिचा पाया खरा आहे. आपल्याकडील गिधाड भक्ष्य शोधतें तें वासानें नव्हे, दृष्टीनें.

"तो गोष्टींतला झाला, खरा सांगा," नातू म्हणाला.

खरा म्हणजे लांब चोचीचें गिधाड. तें पर्वताच्या कड्यांच्या कपारींत घरटें करतें, वर्षांतून एकच अंडें घालतें, आणि पंख पसरले म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सुमारें सात फूट भरतें. पांढऱ्या पाठीचें त्याचें भावंड झाडावर राहतें. आमचें मूळ गांव रामटेकपासून फार दूर नाहीं. लहानपणीं गांवाबाहेरच्या माळावर मेलेलें जनावर टाकलें कीं घटका-दोन घटकांत आकाशांत ठिपके फिरूं लागत आणि तिसऱ्या प्रहरीं तेथें केवळ हाडें उरत. आम्हां मुलांस त्या पक्ष्यांची किळस येई. आमची आजी मात्र म्हणे, "हे आहेत म्हणून गांवास वास येत नाहीं."

आतां एक गोष्ट सांगावयाची, ती आजवर घरांतही फारशी बोललों नाहीं. १९९८ च्या सुमारास आमच्या घरची म्हातारी गाय सांध्यांनीं जखडली. तिचे हाल पाहवेनात म्हणून आम्हीं डायक्लोफेनॅकच्या सुया देवविल्या. तिला आराम पडला, पण आठवड्याच्या आंत ती गेली. शिरस्त्याप्रमाणें तिला माळावर नेलें. त्या दिवशीं गिधाडें उतरलीं होतीं, हें पक्कें आठवतें. नंतरच्या उन्हाळ्यांत उतरलीं कीं नाहीं, तें आठवत नाहीं, कारण कोणीं पाहिलेंच नाहीं.

त्याच दशकाच्या अखेरीस भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत विभु प्रकाश यांस गिधाडें माना टाकून झाडांवर बसलेलीं आणि मरून पडलेलीं आढळलीं. रोग कोणता, याचा बराच काळ शोध चालला. २००४ सालीं पाकिस्तानांतील संशोधनानें उलगडा केला. ज्या औषधानें गुरांचें दुखणें थांबतें, तेंच प्रेताच्या मांसांतून गिधाडाच्या पोटांत गेलें कीं त्याचें मूत्रपिंड निकामी होतें व युरिक आम्लाचे पांढरे थर यकृत-हृदयावर सांचतात. २००६ सालीं सरकारनें तें औषध गुरांकरितां बंद केलें. तोंपर्यंत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शंभरांत एकही उरलीं नव्हतीं म्हटलें तरी चालेल. वर्षाला एकच अंडें घालणाऱ्या पक्ष्यानें ही तूट भरून काढावी तरी कशी? गिधाडें गेलीं, भटकीं कुत्रीं माजलीं, पाणी नासलें. यामुळें २००० ते २००५ या काळांत भारतांत सुमारें पांच लक्ष माणसें अधिक मेलीं असावींत, असा हिशेब दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं मांडला आहे. आमच्या आजीस हें गणित न मांडतांच ठाऊक होतें!

हरियाणांत पिंजोर येथें या पक्ष्यांची पैदास करणारें एक केंद्र आहे. त्याचें नांवच जटायु. तेथील दहा लांब चोचीचीं गिधाडें जानेवारी २०२४ मध्यें आपल्या पेंचच्या अरण्यांत आणलीं, कांहीं महिने मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून त्यांस रानाची संवय लावली, आणि पाठीवर ठावठिकाणा कळविणारें यंत्र बांधून ऑगस्टांत मोकळीं केलीं. ताडोबांतही पांढऱ्या पाठीचीं अशींच सोडलीं. त्यांतील एक हजारों मैल भटकत थेट तमिळनाडूंत पोहोंचलें, कांहीं दगावलीं.

मार्गशीर्षांत नातवास घेऊन आम्ही सिल्लारीच्या बाजूनें पेंचमध्यें गेलों. दिवसभर मान वर करून दुखूं लागली. घारी दिसल्या, एक सर्पगरुड दिसला. गिधाड दिसलें नाहीं. नातू हिरमुसला, पण परतीच्या वाटेवर गांवीं उतरलों तेव्हां त्यानें एक उद्योग केला. आमच्या धाकट्या बंधूंच्या गोठ्यांत अद्यापि दोन गाई आहेत. तेथील खांबावर त्यानें जाड अक्षरांत कागद डकविला: डायक्लोफेनॅक नको, ॲसेक्लोफेनॅक नको, केटोप्रोफेन नको, मेलॉक्सिकॅम चालेल.

"आतां आमच्या गाईंचें औषध हा ठरविणार काय?" बंधु म्हणाले. कागद मात्र त्यांनीं काढला नाहीं. पावसाळ्यांत भिजूं नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधल्याचें परवां कळलें.