दिव्याखालचा बेडूक

पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्याखाली खरखरीत कातडीचे भेक जमतात, कारण तेथे किडे आयते मिळतात. पण ही मेजवानी महागात पडते. कितीतरी भेक वाहनांखाली चिरडले जातात. बेडकाचा डोळा अंधारासाठी घडलेला. एकदम उजेड पडला की तो दिपतो आणि पुन्हा अंधाराला सरावायला फार वेळ घेतो. तेवढ्यात भक्ष्य निसटते.

‘डराव डराव’ म्हणजे नराने मादीला घातलेली साद. कॅनडातील हिरव्या बेडकांवरील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टॉर्चच्या उजेडात नर कमी ओरडताना आढळले. सादच नाही, तर अंडी कोठून?

म्हणून शाळेमागील डबक्याकडचा दिवा आषाढ-श्रावणात रात्री ९ नंतर बंद ठेवण्याचे आम्ही ठरविले आहे. चौकीदाराला टॉर्च दिला आहे. तो त्याने डबक्यावर रोखू नये, एवढेच.