तंबू ठोकण्याआधी जमीन कोणाची ते पाहा! खानापूर, सत्तरी, दोडामार्गच्या जंगलात मुक्काम करताना कोणता नियम लागू होतो?

खानापूर : थंडी पडली की बेळगाव, कोल्हापूर, पणजीकडची तरुण मंडळी शनिवारी दुपारी गाडीला तंबू बांधून निघतात. चोर्ला, कणकुंबी, हेम्माडगा, तिळारी, आंबोली अशी ठिकाणे मोबाईलवर दिसतात, रस्ता सापडतो आणि ओढ्याकाठी सपाट जागा दिसली की मुक्काम ठरतो. "कोण विचारतंय इथं?" हा सगळ्यांचा ठरलेला प्रश्न. पण विचारणारे आहेत, आणि जागा बदलली की विचारणारे खातेही बदलते.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्राच्या सीमा एकमेकींना मिळतात. जंगल सलग आहे, दोन्हीकडे बोलली जाणारी मराठी-कोकणीही एकच. मात्र एका ओढ्याच्या अलीकडे एका राज्याचे वनखाते, तर पलीकडे दुसऱ्याचे. त्यामुळे जाण्यापूर्वी "जागा सुंदर आहे का?" याआधी "ही जमीन कोणत्या प्रकारची आहे?" हे विचारावे लागते.

जमिनीचे तीन प्रकार

पहिला प्रकार अभयारण्याचा. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. त्याला लागून गोव्याच्या सत्तरीत म्हादई अभयारण्य आहे. ते १९९९ चे, सुमारे २०८ चौरस किलोमीटरचे. इथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. कलम २७ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेशच करता येत नाही. तिथले रहिवासी, सरकारी कर्मचारी आणि सार्वजनिक रस्त्यावरून जाणारे असे मोजके अपवाद सोडून. पर्यटनासाठी परवाना देण्याची सोय कलम २८ मध्ये आहे. आग लावण्यास कलम ३० ने बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून गाडी नेणे वेगळे आणि गाडी थांबवून झाडीत शिरणे वेगळे. रस्ता मोकळा आहे म्हणून बाजूची झाडी मोकळी होत नाही.

दुसरा प्रकार राखीव जंगलाचा. हे अभयारण्य नसते, त्यामुळे फलक कमी दिसतात आणि लोक फसतात. कर्नाटकात कर्नाटक वन कायदा, १९६३ आणि महाराष्ट्र-गोव्यात भारतीय वन कायदा, १९२७ चालतो. राखीव जंगलात विनापरवानगी शिरणे, लाकूड तोडणे, आग पेटवणे हे सगळे गुन्ह्यात मोडते. तंबूसाठी चार खुंट्या तोडल्या तरी ती तोडच.

तिसरा प्रकार मालकीच्या जमिनीचा. शेत, काजूची बाग, पडीक माळ. इथे मालकाची परवानगी पुरते, पण ती आधी घ्यावी लागते. "माळ रिकामाच होता" हे उत्तर शेतकऱ्यापुढे चालत नाही.

कर्नाटकात काय?

कुमार पर्वतावर जानेवारी २०२४ मध्ये उसळलेल्या गर्दीनंतर कर्नाटकाने ट्रेकिंगचे नियम कडक केले. आता वनखात्याच्या "अरण्य विहार" या संकेतस्थळावर मार्ग निवडून, ओळखपत्राची माहिती देऊन तिकीट काढावे लागते. एका मार्गावर दिवसाला जास्तीत जास्त ३०० जण अशी मर्यादा आहे. हे तिकीट त्या मार्गाचे आणि त्या दिवसाचे असते. ते हातात आहे म्हणून वर तंबू ठोकता येतो, असा त्याचा अर्थ होत नाही.

भीमगडजवळ मुक्काम करायचाच असेल तर हेम्माडगा येथील वनखात्याचे निसर्ग शिबिर हा सरळ मार्ग. भीमगड किल्ला आणि बारापेडीच्या गुहा अभयारण्याच्या आत आहेत. या गुहांत रॉटन जातीचे वटवाघूळ राहते. एकेकाळी ते जगात फक्त इथेच सापडते असे मानले जाई. गुहेतला उजेड, धूर आणि आरडाओरडा या वसाहतीला उठवतो. म्हणून तिथे वाट मोकळी सोडलेली नाही.

गोव्यात काय?

जुलै २०२३ मध्ये बुडून झालेल्या मृत्यूंनंतर गोवा वनखात्याने अभयारण्यातील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती. तेव्हापासून कोणता धबधबा खुला आणि कोणता बंद हे हंगामानुसार बदलते. वाळपई किंवा मोलेच्या वन कार्यालयात त्या आठवड्याची स्थिती विचारूनच निघावे. उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दारू पिणे यावर गोव्यात पर्यटनस्थळी बंदी असून दंडाची रक्कम हजारांत जाते. बेळगावहून स्टोव्ह, कुकर घेऊन निघणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. बोंडला येथे राहण्यासाठी वन विकास महामंडळाची कॉटेज आहेत.

दूधसागरबाबत अजूनही गैरसमज आहे. कॅसलरॉकहून रुळावरून चालत जाणे हा ट्रेक नव्हे, तर रेल्वेच्या हद्दीत घुसखोरी आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होतो. जुलै २०२३ मध्ये याच रुळांवर पोलिसांनी पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी हसत पाहिला. धोका मात्र हसण्यासारखा नाही: बोगदे अरुंद आहेत आणि मालगाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

महाराष्ट्रात काय?

दोडामार्गमधील तिळारीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला. आंबोली, चंदगडकडेही बरेच जंगल वनखात्याचेच आहे. या भागात २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा वावर आहे. नदीकाठची सपाट जागा आपल्याला तंबूसाठी बरी वाटते. हत्तीला तीच पाण्याची वाट असते. कोणत्या रात्री कळप कुठे आहे हे गावकऱ्यांना आणि वनरक्षकाला माहीत असते, मोबाईलच्या नकाशाला नाही.

आग आणि गोचीड

कॅम्पिंगचा हंगाम डिसेंबर ते मे. गवत वाळण्याचा आणि वणव्याचा हंगामही हाच. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात लागलेल्या आगी विझवायला नौदल आणि हवाईदलाची हेलिकॉप्टर आणावी लागली होती. तमिळनाडूतील कुरंगणी येथे ११ मार्च २०१८ रोजी वणव्यात सापडून २० हून अधिक ट्रेकर दगावले. चढावर आग माणसापेक्षा वेगाने पळते. त्यामुळे या महिन्यांत शेकोटी नकोच. चहासाठी गॅस पेटवायचा तर तो मालकीच्या जागेत, गवत साफ केलेल्या मातीवर, शेजारी पाण्याची बादली ठेवून.

दुसरा धोका माकडतापाचा. हा विषाणू १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात सापडला. २०१५ मध्ये सत्तरीत, २०१६ मध्ये दोडामार्गात त्याने माणसे दगावली. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि कोरड्या महिन्यांतच वाढतो. त्यावर नेमके औषध नाही, लक्षणांवर उपचार करावे लागतात. पालापाचोळ्यावर थेट झोपू नये, अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडेही गरम पाण्यात धुवावेत. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. पुढच्या आठवडाभरात अचानक ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरला "जंगलात राहून आलो" हे सांगावेच. ते सांगितले नाही तर उपचार भलत्याच दिशेने जातात.

खासगी कॅम्पवाल्याला काय विचारावे?

माळावर तंबू, रात्री जेवण आणि गाणी असे पॅकेज विकणारे वाढले आहेत. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. जमीन कोणाच्या नावावर आहे? पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का? शौचालय आणि कचऱ्याची सोय काय? रात्री कोणी आजारी पडले तर गाडी कुठे असेल? उत्तरे टाळणाऱ्याकडे स्वस्तात जाणे महाग पडू शकते. कारवाई झाली तर तंबूतला पाहुणाही त्यातून सुटत नाही.

गावाचा हिशेब

भीमगडच्या आत गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव अशी गावे आहेत. तिथे धड रस्ता नाही. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी महिलेला ग्रामस्थांनी खांद्यावरून जंगल तुडवत आणले होते. अभयारण्याच्या नियमांमुळे या गावांचा रस्ता अडतो, आणि त्याच जंगलात शनिवार-रविवारी बाहेरची गाडी कशीही शिरते, हे गावकऱ्यांना खटकते. त्यात ओढ्यात बाटल्या आणि प्लास्टिक पडले की राग वाढतो, कारण तेच पाणी खाली गुरे पितात.

त्यामुळे नियम पाळून येणाऱ्याने एवढे तरी करावे: वाटाड्या गावातला घ्यावा, जेवण गावात सांगावे, कचरा परत न्यावा. शहरातून सगळे सामान भरून आलेला पर्यटक गावाला फक्त उकिरडा देतो. पन्नास भाकऱ्यांची ऑर्डर एखाद्या घराला चार पैसे देते.

निघण्यापूर्वी

जागा अभयारण्य, राखीव जंगल की मालकीची, याची खात्री करा. परवान्याची छापील प्रत जवळ ठेवा, कारण आत रेंज नसते. कुठे मुक्काम आणि कधी परत, हे घरी लिहून द्या. अडचणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक तिन्ही राज्यांत चालतात, पण ते लावण्यासाठी रेंज मिळेल ती शेवटची जागा येताना हेरून ठेवा. परवानगी नाही मिळाली तर दिवसा फिरून अंधार पडण्याआधी खानापूर, वाळपई किंवा दोडामार्ग गाठा.