रंग देण्याआधी खिळ्यांकडे पाहा!

घराला रंग देणे म्हणजे कष्टकरी कुटुंबाला मोठाच खर्च. कुणी बोनस राखून ठेवतो, कुणी पतपेढीचे कर्ज काढतो. म्हणून हा पैसा वाया जाऊ नये यासाठी हा लेखप्रपंच.

आमच्या शेजारच्या एका ताईंनी मुलीला अभ्यासाला कोपरा मिळावा म्हणून खोलीत जिप्सम बोर्डाचे पार्टिशन घातले. सुताराने लाकडी रिपांवर बोर्ड खिळ्यांनी ठोकले. वर्षभरातच भिंतीवर पुटकुळ्या याव्यात तसे खिळ्यांचे माथे वर आले. रंगारी म्हणाला, "ताई, रंगाचे दोन हात मारले की काही दिसणार नाही." पुढल्या वर्षी त्याच जागी तेच फुगवटे! खर्च पाण्यात गेला.

दोष रंगाचा नव्हता. ओलसर लाकूड वाळले की आकसते. खिळा मात्र जागच्या जागी राहतो. मग बोर्ड आणि रीप यांत फट पडते. दार आपटले, कुणी टेकले की बोर्ड मागे सरकतो आणि खिळ्याचा माथा पुट्टी फोडून बाहेर येतो. म्हणजे बोर्ड सैल झाला आहे. तो घट्ट केल्याशिवाय नुसती पुट्टी भरणे व्यर्थ आहे.

प्रथम दिवा मालवून बॅटरीचा झोत भिंतीलगत आडवा धरावा. फुगवट्यांची सावली पडते. तेथे पेन्सिलने खूण करावी. डाग किंवा ओल दिसली तर आधी गळती बंद करावी. आत वायर असण्याची शंका असेल तर जाणत्या वायरमनला विचारावे व मेन स्विच बंद ठेवावा.

आता बोर्ड तळहाताने रिपेवर दाबून धरावा. वर आलेल्या खिळ्याच्या वर आणि खाली दोन-दोन इंचांवर, त्याच रिपेत, सव्वा इंची जिप्सम स्क्रू बसवावेत. अर्धा इंची बोर्डाला हे माप पुरते. स्क्रूचा माथा किंचित आत जावा, पण बोर्डाचा कागद फाटू नये. कागद फाटला तर पकड जाते. मग जुना खिळा उपटावा किंवा आत ठोकावा व सुटलेली पुट्टी खरवडून काढावी.

खड्ड्यांत जॉइंटिंग कंपाऊंड एकदम थापू नये. तीन पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद. एक पूर्ण वाळल्यावरच दुसरा. शेवटी १५० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे. नाकातोंडाला रुमाल नव्हे, चांगला मास्क बांधावा. छताचे काम असेल तर डोळ्यांना चष्माही हवा.

दुरुस्त केलेल्या जागेवर प्रायमर अवश्य लावावा. नाही तर ती जागा रंग शोषून घेते आणि निराळी दिसते. त्यानंतर रंगाचे दोन हात द्यावेत.

छताचा बोर्ड खाली झुकला असेल किंवा ओळीने बरेच खिळे निघाले असतील, तर स्वतः शिडीवर चढू नये. तो बोर्ड अंगावर पडू शकतो. तेथे जाणकार सुतारच बोलवावा.

भिंतीवरची किरकोळ दुरुस्ती मात्र घरी करता येते. मुलगा-मुलगी असा भेद न करता दोघांनाही ती शिकवावी. आमच्या शेजारच्या ताईंनी यंदा मुलीला हाताशी घेऊन सारे खिळे दुरुस्त केले आणि मगच रंगाऱ्याला बोलावले.