भूमीवर जमणारे मैल

टोकियोच्या एडोगावा प्रभागातील निशी-कासाई हा परिसर भारतीय कुटुंबांची वस्ती म्हणून ओळखला जातो. माहिती-तंत्रज्ञानाच्या नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे तेथे राहतात. टोकियोतील ओकाचिमाचीच्या रत्नबाजारात आणि कोबे शहरातील मोत्यांच्या व्यापारात जैन कुटुंबे आहेत. कोबेमध्ये १९८५ सालापासून जैन मंदिरही आहे. व्यवसाय निरनिराळे असले, तरी या सर्वांच्या वार्षिक अंदाजपत्रकात एक मोठा खर्च समान असतो, तो म्हणजे मायदेशाच्या विमानतिकिटांचा. आईवडिलांची भेट, घरातील मंगलकार्य, मुलांची सुट्टी आणि कधी अचानक आलेला आजारपणाचा निरोप, या सर्वांचा मार्ग विमानतळावरूनच जातो.

या खर्चाचा थोडा भार रोजच्या घरखर्चातून हलका करता येतो. जपानमध्ये त्यासाठी ‘ओका-मायरा’ असा खास शब्द रूढ आहे. विमानात फारसे न बसता जमिनीवरच्या व्यवहारांतून मैल जमविणारा, असा त्याचा अर्थ. पॉइंट जमविण्याच्या नित्य उद्योगाला तेथे ‘पोइकात्सु’ म्हणतात. नव्याने आलेल्या परदेशी माणसाच्या कानावर दुकानात जी जपानी वाक्ये सर्वांत आधी पडतात, त्यांपैकी एक ‘पॉइंट कार्ड आहे का?’ हे असते.

मैल येतात कोठून?

प्रवास केलेल्या अंतरावर प्रवाशाला मैल देण्याची प्रथा अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली सुरू केलेल्या योजनेनंतर जगभर पसरली. टोकियो ते मुंबई हे अंतर सुमारे ४,२०० मैलांचे आहे. परंतु सवलतीच्या तिकिटावर त्यातील काही हिस्साच खात्यात पडतो. वर्षातून एकदा प्रवास करणाऱ्या कुटुंबाचे खाते केवळ उड्डाणांनी भरणे कठीण. म्हणून जमिनीवरील मैलांना महत्त्व आले.

जपानमधील दोन मोठ्या विमानकंपन्यांच्या मैल-योजना, ‘जेएएल मायलेज बँक’ आणि ‘एएनए मायलेज क्लब’, परदेशी रहिवाशांनाही खुल्या आहेत. खाते उघडण्यास शुल्क पडत नाही. त्यानंतर मैल येण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली वाट विमानकंपनीच्या क्रेडिट कार्डाची. जेएएलच्या कार्डावर सर्वसाधारणपणे २०० येन खर्चामागे एक मैल मिळतो. वेगळे वार्षिक शुल्क भरल्यास तोच मैल १०० येनांमागे मिळतो. दुसरी वाट दुकानांतील पॉइंटांची. लॉसनसारख्या दुकानांत मिळणारे ‘पोंता’ पॉइंट जेएएलच्या मैलांत बदलता येतात आणि ‘राकुतेन’चे पॉइंट एएनएच्या मैलांत. या दोन्ही ठिकाणी साधारणतः दोन पॉइंटांचा एक मैल होतो. तिसरी वाट इलेक्ट्रॉनिक पैशांची. इऑन समूहाच्या दुकानांत चालणारे ‘वाओन’ मैल-खात्याशी जोडलेले असेल, तर भाजी, दूध, तांदूळ यांच्या खरेदीवरही २०० येनांमागे एक मैल जमा होतो.

घरखर्चाची मांडणी

कोणता खर्च कार्डावर नेता येतो, हे एकदा कागदावर मांडणे हितावह ठरते. वीज, गॅस, पाणी, दूरध्वनी आणि इंटरनेट यांची देयके कार्डाने भरता येतात. घरभाडे मात्र पुष्कळदा बँकेतूनच द्यावे लागते. नोकरदारांसाठी आगगाडीचा पास ही विशेष लाभाची बाब आहे. जपानमध्ये कामावर येण्याजाण्याचा खर्च बहुतेक कंपन्या देतात, पण पास कर्मचाऱ्याने स्वतः खरेदी करावयाचा असतो. सहा महिन्यांचा पास योग्य कार्डाने घेतल्यास खर्च कंपनीचा आणि पॉइंट कर्मचाऱ्याचे, असा सरळ हिशेब होतो.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या कुटुंबाचा दरमहा १,५०,००० येनांचा खर्च कार्डावर जातो. २०० येनांस एक मैल या दराने महिन्याला ७५० आणि वर्षाला ९,००० मैल होतात. तीन वर्षांत ते २७,००० होतील. १०० येनांचा दर असेल तर ५४,०००. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे खरी ठरते. परंतु या तळ्याला एक मर्यादा आहे. दोन्ही जपानी योजनांत सर्वसाधारण सदस्याचे मैल ३६ महिन्यांनंतर बाद होतात. म्हणजे चौथ्या वर्षी नवे मैल येऊ लागतात, त्याच वेगाने जुने आटू लागतात आणि तळे २७,००० वरच स्थिर राहते. पुढे कधीतरी उपयोगी पडतील म्हणून साठवून ठेवलेले मैल मुदत संपताच वाया जातात. म्हणून कोणाच्या प्रवासासाठी आणि कोणत्या वर्षी, हे आधी ठरवून मग मैल जमविण्यास आरंभ करावा.

परदेशी रहिवाशाच्या अडचणी

या मार्गावर पहिला अडसर बहुधा कार्डाच्या अर्जाचा असतो. नव्याने आलेल्या परदेशी नागरिकाचा अर्ज नाकारला जाणे ही सामान्य गोष्ट आहे. थोडा काळ एका पत्त्यावर, एका नोकरीत आणि एका दूरध्वनी क्रमांकावर स्थिर झाल्यावर अर्ज करणे श्रेयस्कर. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या पत्नीला किंवा पतीला जोडीदाराच्या नावावरील कुटुंब-कार्ड घेता येते आणि घरातील खर्च एकाच प्रवाहात येतो. एकत्र राहणाऱ्या कुटुंबीयांचे मैल तिकीट घेताना एकत्र वापरण्याची सोयही दोन्ही कंपन्यांनी आपल्या कार्डधारकांसाठी ठेवली आहे.

दुसरा अडसर नावाचा. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. जपानी अर्जातील चौकटींत ती अनेकदा मावत नाहीत. मैल-खात्यातील नाव पारपत्रावरील नावाशी जुळले नाही, तर उड्डाणाचे मैल जमा होत नाहीत. विवाहानंतर पारपत्रावर नाव बदलले असेल, तर खात्यातही बदलून घ्यावे. राहून गेलेल्या उड्डाणाचे मैल प्रवासानंतर सहा महिन्यांपर्यंत मागता येतात. त्यासाठी विमानात चढतानाचा पास जपून ठेवावा.

तिसरी बाब बदलत्या नियमांची. जपानमध्ये ‘फुरुसातो नोझेइ’ नावाची पद्धत आहे. करदात्याने एखाद्या गावाला किंवा शहराला देणगी दिली, की ठराविक मर्यादेपर्यंत २,००० येन वगळून बाकी रक्कम त्याच्या करातून वजा होते. निवासी कर भरणाऱ्या परदेशी नागरिकांनाही ती लागू आहे. अशी देणगी स्वीकारणारी अनेक संकेतस्थळे देणगीदारांना पॉइंट किंवा मैल देत असत. ऑक्टोबर २०२५ पासून सरकारने त्यास मनाई केली. मैलांचा कोणताही दर आज आहे तसा उद्या राहील, असे गृहीत धरून संसाराची आखणी करू नये.

लाभ कोठे संपतो?

जपानी क्रेडिट कार्डावर संपूर्ण रक्कम एकरकमी फेडली, तर व्याज पडत नाही. परंतु दरमहा ठराविक रक्कमच फेडण्याची ‘रिबो-बाराई’ नावाची पद्धत जादा पॉइंटांचे आमिष दाखवून पुढे केली जाते. तिचा व्याजदर वर्षाला १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. एक लाख येनांच्या खर्चावर मैल मिळतात ५०० ते १,०००. तीच रक्कम वर्षभर थकली, तर व्याज होते सुमारे १५,००० येन. त्याचप्रमाणे मैल मिळतात म्हणून केलेली अनावश्यक खरेदी ही बचत नव्हे. घरात जे येणारच होते, त्यावर मिळालेला मैल तेवढा खरा.

मैलांचे तिकीट पूर्णतः विनामूल्य असते, हाही समज चुकीचा आहे. दोन्ही जपानी कंपन्या आपल्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या मैल-तिकिटांवर कर आणि इंधन-अधिभार रोख घेतात. चार जणांच्या कुटुंबाला ही रक्कम लहान नसते. शिवाय मैलांवर मिळणाऱ्या जागा मोजक्या असतात. एप्रिलअखेरची सलग सुट्टी, ऑगस्टमधील ओबोन आणि वर्षअखेर या काळांत त्या लवकर संपतात. नोंदणी जवळजवळ वर्षभर आधी खुली होते. तारीख निश्चित असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. याच कारणाने आकस्मिक संकटासाठी मैलांवर विसंबणे धोक्याचे आहे. रात्री आजारपणाचा निरोप आला, तर सकाळच्या विमानात मैलांची जागा मिळेलच असे नाही. त्या प्रसंगासाठी बँकेत वेगळी रक्कम असलीच पाहिजे.

कोणासाठी वापरावेत?

मैलांचे तिकीट स्वतःखेरीज जोडीदार आणि दुसऱ्या पिढीपर्यंतचे नातलग यांना देता येते. या मोजणीत आईवडील, मुले, आजी-आजोबा, नातवंडे, भावंडे आणि सासू-सासरे येतात. काका, मामा, आत्या, मावशी, भाचे आणि पुतणे मात्र त्याबाहेर राहतात. आपल्या एकत्र कुटुंबाची कल्पना त्या नियमात बसत नाही, हे आधीच ठाऊक असलेले बरे. मैलांची विक्री करण्यास मनाई आहे. तसे आढळल्यास खाते बंद होऊ शकते.

या सर्व मर्यादा लक्षात घेता, मैलांचा उत्तम उपयोग आधी ठरविता येणाऱ्या भेटींसाठी होतो. आईवडिलांना नातवंडांकडे आणणे ही त्यांतील पहिली. ज्येष्ठांच्या तिकिटाबरोबरच जैन शाकाहारी भोजनाची नोंद करावी. मैलांच्या तिकिटावरही ती करता येते, पण उड्डाणापूर्वी किमान एक दिवस आधी सांगावे लागते.

जपान कायमचा सोडताना दुकानांचे पॉइंट निघण्यापूर्वीच मैलांत बदलून घ्यावेत, कारण स्थानिक दूरध्वनी क्रमांक आणि कार्डे बंद झाल्यावर ते हाती लागणे अवघड होते. मैल-खात्यावर मात्र भारतातील पत्ता नोंदवून ते पुढे चालू ठेवता येते. खात्याचा क्रमांक घरातील आणखी एका व्यक्तीस ठाऊक असावा. सदस्याच्या निधनानंतर वारसांनी ठराविक मुदतीत कागदपत्रे दिल्यास मैल त्यांच्या नावे करण्याची तरतूद दोन्ही कंपन्यांच्या नियमांत आहे. पण अशी वेळ येईपर्यंत मैल राखून ठेवण्यापेक्षा आईवडील प्रवास करू शकतात तोवरच ते त्यांच्या तिकिटांसाठी खर्च करणे अधिक शहाणपणाचे.