कृष्णविवराचे चित्र कसे सिद्ध झाले

खगोलशास्त्रज्ञ म्हटला की रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसलेला मनुष्य आपल्या नजरेसमोर उभा राहतो. कृष्णविवरांचा अभ्यास करणाऱ्या आजच्या शास्त्रज्ञाचा बहुतेक दिवस मात्र संगणकासमोर, आकड्यांच्या सहवासात जातो. आणि त्यातही बराचसा वेळ स्वतःच्याच निष्कर्षावर संशय घेण्यात खर्ची पडतो.

कन्या राशीच्या दिशेला, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, एम ८७ नावाची दीर्घिका आहे. तिच्या मध्यभागी सुमारे ६५० कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्यातून प्रकाश बाहेर पडत नाही. तथापि भोवतालच्या तप्त वायूच्या तेजोवलयात त्याची काळी छाया दिसावी, असे गणित सांगत होते. अडचण आकाराची होती. चंद्रावर ठेवलेले संत्रे पृथ्वीवरून जेवढे दिसेल, जवळजवळ तेवढेच हे वलय! ते पाहण्यास पृथ्वीएवढी दुर्बीण हवी. म्हणून एप्रिल २०१७ मध्ये चिली, हवाई, मेक्सिको, स्पेन, ॲरिझोना व दक्षिण ध्रुव येथील आठ रेडिओ दुर्बिणींनी आण्विक घड्याळे जुळवून एकत्र निरीक्षणे घेतली. नोंदी इतक्या प्रचंड होत्या की त्यांच्या तबकड्या पेट्यांत भरून विमानाने अमेरिका व जर्मनीतील केंद्रांत न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरील पेट्या तर तेथील हिवाळा सरेपर्यंत अडकून पडल्या. (ध्रुवावरून एम ८७ दिसत नाही, तेथील नोंदी अन्य ज्योतींच्या होत्या.)

एवढे होऊनही चित्र हाती नव्हतेच. जगभर विखुरलेल्या मोजक्या दुर्बिणी म्हणजे एका विशाल आरशाचे थोडेसे तुकडे. उरलेली जागा रिकामी. अशा अपुऱ्या नोंदींशी जुळणारी चित्रे असंख्य काढता येतात, आणि वलय दिसावे अशी ज्याची इच्छा, त्याला वलय सापडण्याचा धोका मोठा.

म्हणून संशोधकांचे चार गट पाडण्यात आले. त्यांनी परस्परांशी अवाक्षर न बोलता आपापली चित्रे सिद्ध केली. जुलै २०१८ मध्ये ती प्रथमच शेजारी शेजारी मांडली, तेव्हा चारही चित्रांत वलय होते. तेवढ्यानेही समाधान मानले गेले नाही. त्यांनी मुद्दाम बनावट नोंदी तयार केल्या : वलयाच्या, चंद्रकोरीच्या, भरीव तबकडीच्या, दोन ठिपक्यांच्या. जी गणनपद्धती तबकडीची तबकडीच दाखवील, तिचे वलय करणार नाही, तीच खऱ्या नोंदींसाठी ग्राह्य धरली. प्रस्तुत लेखकास या साऱ्या उद्योगात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

१० एप्रिल २०१९ रोजी चित्र जगापुढे आले, आणि नोंदीही सर्वांस खुल्या झाल्या. २०२२ मध्ये जपानी संशोधकांनी त्याच नोंदींतून वलय नसलेले चित्र काढून दाखविले. मूळ संशोधकांनी त्या पद्धतीतील दोष दाखवून तो आक्षेप अमान्य केला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये, २०१८ साली ग्रीनलंडची दुर्बीण जोडून घेतलेल्या निरीक्षणांचे चित्र प्रसिद्ध झाले. वलयाचा आकार तोच होता. त्याचा सर्वांत उजळ भाग मात्र सुमारे ३० अंशांनी सरकला होता. भोवतालचा वायू सतत खळबळत असल्याने हे अपेक्षितच होते.