ताबा कोणाचा, गल्ला कोणाचा?

शहरांतील ट्राम, बस, दिवे किंवा पाणी बंद पडलें कीं तंट्याशीं ज्यांचा कांहींएक संबंध नाहीं अशा नागरिकांस व दुकान उघडून बसलेल्या व्यापाऱ्यांस त्याची झळ लागते. म्हणून अशा धंद्यांत संप उद्भवला असतां ‘सरकारनें धंदा ताब्यांत घ्यावा’ अशी मागणी बाजारांतून सहज उठते. ती सर्वथा गैर आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ‘ताबा’ या एका शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न गोष्टी खपविल्या जातात. त्यांतील भेद ओळखल्यावांचून लोकांनीं अशा उपायास संमति देऊं नये, असें आमचें मत आहे.

अमेरिकेंतील मिसूरी राज्यानें 1947 सालीं एक कायदा केला. लोकोपयोगी धंद्यांतील संपामुळें जनतेचें हित धोक्यांत येत असेल, तर गव्हर्नरानें तो धंदा राज्याच्या वतीनें ताब्यांत घ्यावा आणि त्यानंतर संप करणें बेकायदा समजावें, अशी त्यांत योजना होती. 1961 च्या नोव्हेंबरांत कॅन्सस सिटी येथील बस-कंपनीच्या कामगारांनीं संप पुकारला. गव्हर्नरानें ताब्याचा हुकूम काढला व राज्याच्या न्यायालयानें संपास मनाई केली. आतां या ताब्याचें स्वरूप पाहा. कंपनीची मालमत्ता राज्याकडे गेली नाहीं, नोकर राज्याचे झाले नाहींत, कारभारांतहि राज्यानें हात घातला नाहीं. बदल झाला तो एकच. कामगारांच्या हातचें साधन तेवढें गेलें! 10 जून 1963 रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें हा प्रकार रद्द ठरविला. मध्यवर्ती कायद्यानें दिलेला संपाचा हक्क अशा नाममात्र ताब्याच्या आधारें राज्यास हिरावून घेतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय आहे.

याच देशांतील दुसरें उदाहरण पाहूं. वीज व आगगाड्या ज्या कोळशावर चालत, त्याच्या खाणींत 1946 सालीं संप झाला, तेव्हां मे महिन्यांत ट्रूमन सरकारनें खाणी ताब्यांत घेतल्या. तेथें मात्र मंत्री क्रुग यांनीं मालकाच्या जागीं बसून मजुरांचे पुढारी जॉन लुईस यांच्याशीं स्वतः करार केला आणि दर टनामागें 5 सेंट मजुरांच्या कल्याणनिधीस देण्याचें कबूल केलें. पुढें त्याच वर्षीं पुन्हां संप झाला, तेव्हां न्यायालयाचा मनाईहुकूम मोडल्याबद्दल लुईस व त्यांचा संघ यांस जबर दंड झाला, हेंहि सांगितलें पाहिजे. तथापि मालकाचा अधिकार गाजविण्यापूर्वीं मालकाचें कर्तव्य त्या सरकारनें अंगावर घेतलें होतें, हें विसरतां येत नाहीं.

आपल्या देशांत 1947 च्या औद्योगिक कलह कायद्यानें निराळा मार्ग धरला होता. लोकोपयोगी सेवेंत आगाऊ नोटिशीवांचून कामगारास संप करतां येत नसे, आणि मालकासहि टाळेबंदी करतां येत नसे. समेटाचें काम चालू असतां दोघांसहि मनाई होती. त्या बंधनांच्या कडकपणाविषयीं मतभेद असूं शकेल. पण तराजूचीं दोन्ही पारडीं त्यांत डोळ्यांपुढें ठेवलेलीं होतीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. ताबा घ्यावयाचाच तर त्याची मुदत ठरलेली असावी, त्या मुदतींतील हिशेब लोकांपुढें मांडावा, आणि संपाचा मार्ग बंद करणाऱ्या सरकारनें त्याच दिवशीं कामगारांचीं गाऱ्हाणीं निःपक्षपाती पंचांकडे सोंपवावीं. व्यापारी बंधूंस हें समजणें अवघड नाहीं. दुकानावर पाटी एकाची, गल्ला दुसऱ्याचा आणि देणें तिसऱ्याच्या माथीं, असा व्यवहार पेठेंत कोणी मान्य करणार नाहीं. मग तोच व्यवहार सरकारी शिक्क्यानिशीं पुढें आला, म्हणून त्यास लोकहित कां म्हणावें?