सौम्य कुणाला म्हणायचं?

सेरंगून म्हटलं की आपल्या लोकांना लिटल इंडियातला सेरंगून रोड आठवतो, नाहीतर मुस्तफा. आम्ही राहतो तो भाग त्याच रस्त्याने बराच पुढे, उत्तरेला. इथल्या अप्पर सेरंगून रोडवर १९०१ साली बांधलेलं चर्च ऑफ द नेटिव्हिटी आहे. मी मूळचा वसईचा, त्यामुळे रविवारची मिस्सा सहसा चुकत नाही. वसईत ती मराठीतून ऐकायचो, इथे इंग्रजीतून ऐकतो. प्रार्थना मात्र मनात मराठीतच होते.

दरवर्षी १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचतात. त्यात तो गरिबांना, शोक करणाऱ्यांना, सौम्य माणसांना धन्य म्हणतो. ऑफिसमधला एक चिनी सहकारी यावर मला हसत म्हणाला, "जे दबून राहतात त्यांना पृथ्वी मिळणार? आणि तीही सिंगापुरात?" प्रश्न रास्त आहे. इथे ‘कियासू’ हा शब्द रोज कानावर पडतो. आपण मागे तर पडणार नाही ना, ही धास्ती! बुफेच्या रांगेपासून मुलांच्या ट्यूशनपर्यंत ती सगळीकडे दिसते. (पुणे-मुंबईतही काही कमी नाही, फक्त आपल्याकडे तिला नाव नाही.)

मराठीतही या शब्दांची पंचाईतच आहे. सौम्य म्हणजे हलका: सौम्य ताप, भूकंपाचे सौम्य धक्के. आणि ‘धन्य’ आपण बहुतेक वेळा टोमणा मारायलाच वापरतो, "धन्य आहेस बाबा!" पण मत्तयच्या शुभवर्तमानात मूळ ग्रीक शब्द आहे ‘प्राउस’. झेनोफन या ग्रीक लेखकाने तो घोड्याबद्दलही वापरलाय. म्हणजे माणसाळलेला घोडा. त्याचं बळ तेवढंच राहतं, फक्त ते ताब्यात असतं. मत्तयनेही पुढे येशू गाढवावर बसून यरुशलेमात येतो तिथे हाच शब्द वापरलाय, आणि त्याच अध्यायात हा सौम्य येशू मंदिरातल्या सराफांची मेजं उलथून टाकतो!

मला या शब्दासाठी आठवतात त्या लक्ष्मीबाई टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. पुढची काही वर्षं नवऱ्यापासून लांब, पदरात लहान दत्तू, आणि भोवती त्या काळचं सोवळं-ओवळं. नंतर त्या टिळकांकडे परत गेल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातीपातीचा स्वतः विचार केला, मनाला पटलं, तेव्हा १९०० साली बाप्तिस्मा घेतला. शिक्षण म्हणाल तर शाळेचं नाव नाही. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचून बघा. पहिला भाग १९३४ चा. टिळकांचा राग, त्यांचं घर सोडून निघून जाणं, सगळं त्यात आहे, काही लपवलेलं नाही. तरी हिशेब चुकते केल्याचा सूर कुठेही लागत नाही, आणि सगळ्यात जास्त त्या हसतात स्वतःलाच. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पूर्ण केलं.

दुःख ही देवाची देणगी आहे, असं कुणी प्रवचनात सांगू लागलं की मला ते ऐकवत नाही. येशू शोक करणाऱ्यांना धन्य म्हणतो, पण शोक चांगला असं म्हणत नाही. त्यांचं सांत्वन होईल म्हणतो. मग ते सांत्वन कुणीतरी जाऊन करायला नको का?

चार वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. वसईच्या घरी आई एकटीच सगळं करते. मी व्हिडिओ कॉलवर बघतो आणि पैसे पाठवतो. परदेशातल्या वाचकांना यापुढचं सांगायला नको. एकदा बाबांचे चुलतभाऊ भेटायला आले आणि म्हणाले, "वहिनी, देव आपल्या माणसांचीच परीक्षा घेतो." आई आवाज न चढवता म्हणाली, "भावोजी, परीक्षेचं राहू द्या. ह्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. तुम्ही शनिवारी येता का?"

काका तेव्हापासून दर शनिवारी येतात. बाबांना आंघोळ घालून झाली की तिघं पत्ते मांडतात, बाबा डाव्या हातात पानं धरतात. मागच्या शनिवारी मी तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही. मी इथे घाबराघुबरा. तासाभराने आईचा मेसेज आला, "डाव रंगला होता रे. ह्यांनी आम्हाला हरवलं."